बिनदाराचा विषय

बा गेले त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं एक दार घेऊन नेपाळातल्या तानसेन गावचा बाजार चढत होतो.

दाराला चौकट नव्हती. ते लावायला भिंतही नव्हती. खालच्या टोलातला, म्हणजे आळीतला, सुतार पाडलेल्या घरांची लाकडं विकतो, त्याच्याकडे बांनी ते पसंत केलं होतं. सुतार म्हणाला, उद्या गाडी वर पायवाटेपर्यंत जाणार आहे, टाकून देतो त्यात. बांनी हात जोडले. आमच्या विषयाचं पहिलं दार गाडीत बसून वर जावं, हे त्यांना तत्त्वतः मान्य नव्हतं.

आमचा विषय होता चढ-उतार अध्ययन.

यावर हसायचं तर हसा, सगळ्यांनी हसून घेतलेलं आहे. बा इतिहास शिकवायचे, मी भौतिकशास्त्र शिकवते. जुन्या काळी खालच्या सपाटीवरच्या बुटवलहून मीठ आणि कापड पाठीवर घेऊन भरिया, म्हणजे हमाल, पाल्पाचा डोंगर चढायचे. वाटेत ठिकठिकाणी पिंपळाखाली दगडी पार आहेत, ओझं पाठीवरून न उतरवता नुसतं टेकता येईल इतक्या उंचीचे. त्यांना चौतारी म्हणतात. बांचं म्हणणं असं, की कुठल्या काळात किती माल वर आला हे दरबारी कागद सांगत नाहीत, पण दोन चौतारींमधलं अंतर सांगतं. चढ किती, ओझं किती, माणसाला दम कुठे लागतो, हे मी काढायचं. मग त्यावरून व्यापार किती चालला, हे त्यांनी काढायचं. इथपर्यंत सगळं व्यवस्थित होतं आणि मी आनंदानं सामील झाले होते. पण बा कुठल्याही गोष्टीत इथपर्यंतवर थांबत नसत. त्यांनी प्रस्तावात आणखी घातलं, की वरच्या गावांतली गाणी तुटक का असतात आणि खालच्या गावांतली लांबलचक का, वरच्या घरची मुलगी खाली दिली तर माहेरी कमी का येते, आणि चढावर माणूस खोटं का बोलू शकत नाही. शेवटचा त्यांचा आवडता सिद्धांत होता. खोटं बोलायला वाक्य लांब लागतं आणि चढावर तेवढा श्वास नसतो. म्हणून जिल्हा न्यायालय डोंगरमाथ्यावर न्यावं आणि साक्षी वाटेतच नोंदवून घ्याव्यात, अशी एक शिफारस होती. ती मी खोडली. त्यांनी परिशिष्टात घातली.

अनुदान देणाऱ्या आयोगाच्या अटी तीन होत्या. नवा अभ्यासक्रम कुठल्याही एका विभागाचा नसावा. त्याला स्वतःची जागा असावी. आणि दोन वेगळ्या विभागांचे दोन प्रस्तावक असावेत, पण ते एका घरातले नसावेत.

तिसऱ्या अटीबद्दल बांनी प्रामाणिक प्रयत्न केले होते. भूगोलाच्या प्रमुखांना विचारलं, त्यांनी गुडघे दाखवले. समाजशास्त्रवाले म्हणाले, आधी अनुदान येऊ दे. भौतिकशास्त्रात मी आणि दुसरे एक सर, आणि ते कायम काठमांडूला. राहता राहिले मी.

तसं पाहिलं तर विद्यापीठाच्या फाटकाच्या आत आम्ही बाप-लेक नव्हतोच. मला नोकरी लागली त्या दिवशी बांनी फाटकापाशी थांबून सांगितलं, "मैया, इथून पुढे तू अमात्य मॅडम. लोकांना म्हणायला नको, बापानं चिकटवली." मैया म्हणजे मुलगी, आमच्या घरात मला दुसरं नाव नव्हतं. केशरी हे नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर होतं. तेव्हापासून मी आत त्यांना सर म्हणत होते. अख्ख्या तानसेनला माहीत होतं. कुलसचिव डिल्लीराज पन्थी माझ्या उष्टावणाला जेवून गेलेले. आडनाव तर दोघांचं एकच. पण बा म्हणायचे, पाल्पात अमात्य पोत्यानं आहेत, आणि पन्थी सर म्हणायचे, "मला व्यक्तिशः माहीत आहे. अधिकृतपणे माहीत नाही. आणि कार्यालयाच्या वेळेत मी व्यक्तिशः नसतो."

याची इतकी सवय झाली होती, की घरी न्याहारीला सुरू झालेलं भांडण फाटकातून आत गेलं की कपडे बदलायचं. घरी मी ओरडायचे, "बा, गोळी घेतली का?" आत गेल्यावर तेच, "सर, सकाळच्या गोळीबद्दल विभागाचा काय निर्णय झाला?"

"विचाराधीन आहे, मॅडम."

तर दार. ते कशाला लागलं, तर कुलपासाठी. आमच्याकडे कशाला विरोध करायचा असला की विद्यार्थी संघटना त्या कार्यालयाला टाळं ठोकतात. उपकुलपतींचं दार निम्मं वर्ष बंदच असतं. ते समोरच्या चहाच्या दुकानात बसून सह्या करतात, आणि दुकानाच्या दिदीनं त्यांच्यासाठी ठेवलेल्या खुर्चीवर ते नसतानाही कोणी बसत नाही. परीक्षा विभाग, वसतिगृह, वाचनालय, सगळ्यांना टाळी ठोकून झालेली. आमच्या विषयाला मात्र एकदाही नाही. बा हे मनाला लावून घेत. "ज्याला कोणी टाळं ठोकत नाही तो विषय कोणाला हवाय?" ते म्हणायचे. "आयोगाची माणसं येतील, बघतील, विरोधसुद्धा नाही. निघून जातील."

आठवड्यापूर्वी ते झपट राना या विद्यार्थी नेत्याकडे जाऊन बसले होते. झपट संकोचून म्हणाला, "सर, तुमच्यासाठी कधीही ठोकलं असतं. पण तुम्हाला दारच नाही. टाळं कुठे लावू?" ते खरं होतं. आम्हाला जिन्याखालची मोकळी जागा मिळाली होती. तीन बाजूंनी उघडी.

म्हणून त्या दिवशी बा पुढे, मी मागे आणि मध्ये शिसवी रंगाचं ते जड दार.

ढाका टोप्यांच्या दुकानातली काकी उंबऱ्यावर आली. ती बांना दाइ, म्हणजे दादा, म्हणायची. "अमात्य दाइ, घर विकलं का? दारच तेवढं उरलं?"

"घर आहे हो. हे विद्यापीठाचं आहे."

"मग विद्यापीठ विकलं?"

"अजून नाही," बा म्हणाले. "गिऱ्हाईक असेल तर सांगा."

पुढे एक ओळखीचे वकील उतरत होते. त्यांनी आम्हाला जागा दिली आणि आदरानं टोपी काढली. त्यांना वाटलं दारावर कोणीतरी आहे. मग नीट पाहिलं आणि पुन्हा टोपी घातली.

फाटकाखालच्या चौतारीवर आम्ही दार आडवं टाकलं. शेजारच्या टपरीवरून बांनी चिया, म्हणजे चहा, आणि उडदाचे गरम बटुक वडे आणले आणि दारावरच मांडले. खाली दरीत धुकं भरून राहिलं होतं, पांढरं, सपाट, दुधाच्या सायीसारखं. मंसिरात, म्हणजे मार्गशीर्षात, ते रोजच असतं. आम्ही त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आता सांग," बा म्हणाले, "आपण इथेच का थांबलो?"

"तुम्ही दमलात म्हणून."

"मी नाही दमलो. दार दमलं. ओझं दमतं, मैया. माणूस सोबत म्हणून थांबतो."

"भौतिकशास्त्रात ओझं दमत नाही."

"म्हणून तर दोन विभाग लागतात," ते म्हणाले आणि माझ्या पानातला बटुक उचलला. त्यांना तळलेलं वर्ज्य होतं. मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं, कारण त्यांनी दोनदा खाल्ला तरच मी बोलायचं, असा आमचा अलिखित करार होता.

फाटकाशी पहारेकऱ्यानं सलाम केला. "नमस्कार सर. नमस्कार मॅडम. दोघंही एकाच दाराला?"

"योगायोग," बा म्हणाले.

जिन्याखाली आम्ही ते दार उभं केलं आणि साखळीनं कठड्याला बांधलं. डाव्या बाजूनं आत जाता यायचं, उजव्या बाजूनंही. बा दूर जाऊन उभे राहिले, मान तिरकी करून बघत राहिले, आणि त्यांचा चेहरा असा झाला की विभागप्रमुख झाले तेव्हाही झाला नव्हता.

झपट आला. त्याच्या मागोमाग विरोधी संघटनेची सरस्वती घर्ती आली, कारण झपट कुठे जातो यावर तिची नजर असायची.

"झालं दार," बा म्हणाले. "आता मागणी काय लावतोस?"

"तुमचा राजीनामा मागू?"

"माग."

"पण सर, या विषयात तुम्ही कुठल्या पदावर आहात?"

"कुठल्याच नाही."

सरस्वती म्हणाली, "आमची सगळी टाळी परीक्षा विभागाला लागलीत, सर. पण यांनी ठोकलं तर आम्ही विरोध म्हणून दुसरं ठोकू. कशाला विरोध ते नंतर ठरवू."

"शाबास," बा म्हणाले. "हीच खरी शैक्षणिक वृत्ती."

संध्याकाळी घरी मां आमच्यावर भडकली. तिला टोपीवाल्या काकीनं आधीच सांगितलं होतं. "या वयात दारं वाहतात! हमाल व्हायचं होतं तर पीएचडी कशाला केलीत?" बांनी चुकौनी दुसऱ्यांदा मागून घेतली. दह्यातले बटाटे वाढता वाढता मां बोलतच होती, आणि बा मान डोलावत जेवत होते. मग त्यांनी मला विचारलं, उद्या पन्थीला सांगून दाराला पाटी लावून घ्यायची का. मी म्हटलं, उद्या बघू.

सकाळी मां चिया घेऊन त्यांच्या खोलीत गेली. ते उठले नाहीत.

डॉक्टर म्हणाले, झोपेतच झालं, दाराचा काही संबंध नाही. मी दोनदा विचारलं.

मी एकुलती एक. अग्नी मी दिला, तेराव्यापर्यंतचं सगळं मी केलं. मामा म्हणाले, मुलीनं कशाला, मां म्हणाली, मग कोणी, तुम्ही? त्यावर तो विषय संपला. तेरावं झाल्यावर मी पांढरा कुर्ता-सुरुवाल आणि कापडी बूट घालून विद्यापीठात गेले. आमच्यात बापाचं पांढरं वर्षभर असतं, आणि लांबून कोणीही बघून ओळखतं.

त्या दिवशी सभागृहात शोकसभा होती. मी दाराशी घुटमळले. कुटुंबीयांची खुर्ची पुढे होती, पांढरं वस्त्र घातलेली, रिकामी. सहकाऱ्यांच्या खुर्च्या मागे. पन्थी सरांनी मला बघितलं, त्या पुढच्या खुर्चीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. कार्यालयाची वेळ होती. आयोगाची समिती दोन दिवसांनी यायची होती.

"मॅडम, भौतिकशास्त्राची रांग ही," ते हळूच म्हणाले.

मी भौतिकशास्त्राच्या रांगेत बसले. रांगेत मी एकटीच होते.

भाषणं झाली. झपट बोलला, सरस्वतीही बोलली. मग पन्थी सर उठले. "दिवंगत प्राध्यापक तीर्थमान अमात्य यांच्या कुटुंबीयांच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. सुतकामुळे ते इथे येऊ शकले नाहीत." हे ते माझ्याकडे बघून म्हणाले. पाण्याचा पेला त्यांनी उचलला, तो रिकामा होता, तरी प्यायले.

सभा संपल्यावर काळ्या चौकटीतलं शोकपत्र घेऊन ते माझ्याजवळ आले. "मॅडम, तुमच्या घराच्या जवळच राहायचे ना ते?"

"जवळच, सर."

"मग पोचवाल का?"

"पोचवते."

"सगळ्यांना आमचा नमस्कार सांगा," ते म्हणाले. "आणि त्यांच्या मुलीला सांगा, की…" मग त्यांनी पुन्हा घड्याळाकडे बघितलं. "काही नाही. जेवत जा म्हणावं."

मी म्हटलं, सांगते.

घरी मांला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा हसली. हसता हसता रडली, पण हसली आधी.

समितीचे अध्यक्ष होते डॉक्टर उमाकान्त लाभ. जनकपूरचे, सपाट मुलखातले. पांढरंशुभ्र धोतर, काळे चकचकीत बूट. बरोबर दोन सदस्य होते, त्यांची नावं मला शेवटपर्यंत कळली नाहीत. गाडी फाटकाच्या बरीच खाली थांबवावी लागते, पुढे पायीच. मी आणि पन्थी सर त्यांना घ्यायला गेलो.

गाडीशी डॉक्टर लाभ ओघवतं बोलत होते. विद्यापीठांमध्ये विषयांच्या भिंती कशा पाडल्या पाहिजेत, हे ते वाटेच्या पहिल्या वळणापर्यंत अखंड सांगत होते. दुसऱ्या वळणावर भिंती निम्म्या पाडून ते थांबले.

"हे… रोज?"

"हजुर, रोज," पन्थी सर म्हणाले. त्यांनाही धाप लागली होती, ते एरवी मोटारसायकलवर येतात. "काहीजण… दोनदा."

"खरं सांगू?" डॉक्टर लाभ गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले. "प्रस्ताव… फेटाळणार… होतो."

"खरं सांगू?" पन्थी सर म्हणाले. "मी… वाचलेलाच… नाही."

मागून एक सदस्य म्हणाला, "मला… भत्त्यासाठी… आणलंय."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. चौतारी आली. डॉक्टर लाभ त्या दगडावर टेकले आणि डोळे मिटून बसले. थोड्या वेळानं डोळे उघडून दरीतल्या धुक्याकडे बघत म्हणाले, "अमात्यजी दर शनिवारी फोन करायचे. मी म्हणायचो, साहेब, चढावर माणूस खरं बोलतो हे कुठे सिद्ध झालंय? ते म्हणायचे, तुम्ही एकदा वर या." मग ते स्वतःशीच हसायला लागले. पोट धरून हसले. पन्थी सर पण हसले. मी हसले नाही, कारण मला जरा वेळ श्वास आवरायचा होता आणि त्याला चढ कारणीभूत नव्हता.

आत आल्यावर पाहिलं तर जिन्याखालचं दार दिसत नव्हतं, इतकी कुलपं. झपटचं पितळी, सरस्वतीचं लोखंडी, कर्मचारी संघटनेचं, वसतिगृहाच्या पाणी आंदोलनाचं, एक सायकलचं, आणि एक असं की ते कोणाचं हे कोणालाच माहीत नव्हतं. एका फलकावर लिहिलं होतं, "चढ-उतार अध्ययन तत्काळ सुरू करा." शेजारच्यावर, "आधी पाणी, मग चढ-उतार." डॉक्टर लाभ थक्क झाले.

"वैद्यकीय शाखेला मी गेलो होतो," ते सदस्यांना म्हणाले. "तिथे दोनच होती."

"उघडा की मग," पन्थी सर म्हणाले.

झपटला किल्ली सापडेना. सरस्वती म्हणाली, आधी त्यांनी उघडावं. वाटेत काहीच न बोललेला दुसरा सदस्य दाराला वळसा घालून डाव्या बाजूच्या मोकळ्या जागेतून आत जायला लागला.

"सर, टाळं आहे," सरस्वतीनं बजावलं.

"माफ करा," तो म्हणाला आणि मागे आला.

म्हणून बैठक दाराबाहेर, व्हरांड्यात खुर्च्या मांडून झाली. आमच्याकडे आसनग्रहणाशिवाय बैठक होत नाही. पन्थी सरांनी एकेकाला नाव, पदवी आणि जिल्हा घेऊन बसायची विनंती केली. जे आधीच बसले होते ते उठले आणि पुन्हा बसले. प्रत्येकाच्या गळ्यात खादा, म्हणजे सत्काराचा रेशमी शेला, पडला. दिवंगत सहप्रस्तावकांसाठीही एक खुर्ची ठेवली होती. पन्थी सरांनी तिलाही आसन ग्रहण करण्याची विनंती केली, मग चूक लक्षात येऊन घाम पुसला.

मी माझा भाग सांगितला. वजनं, उंची, अंतरं. बांचा भागही मीच सांगितला, न्यायालयाच्या शिफारशीसकट. सरस्वतीनं प्रश्न विचारला, उतारावर बायका जास्त बोलतात असं सरांचं म्हणणं होतं का? मी म्हटलं, नाही, उतारावर सगळेच जास्त बोलतात, फक्त पुरुषांचं कोणी मोजत नाही. टाळ्या पडल्या. उतारावरच्या बोलण्याबद्दल बांच्याकडे पुरावा तसा कमीच होता. पण त्या टाळ्या त्यांनी आनंदानं घेतल्या असत्या.

डॉक्टर लाभ पुढे झुकले. "मी होकार देणार आहे," ते म्हणाले. "हे मी बसून सांगतोय, धाप नाही, तरी खरं आहे. फक्त एक विचारायचं राहिलं. कागदावर दोन अमात्य आहेत."

झपट छताकडे बघायला लागला. पहारेकरी, जो खादा वाटत होता, तो खांबामागे गेला.

"योगायोग, हजुर," पन्थी सर म्हणाले. "पाल्पात अमात्य पुष्कळ."

"विचारावं लागतं. नियम आहे. नातं निघालं तर अर्ज आपोआप रद्द होतो, मग मीही काही करू शकत नाही. पुढच्या फेरीत नव्या प्रस्तावकासह पुन्हा सुरुवात." डॉक्टर लाभांनी माझ्या पांढऱ्या कपड्यांकडे पाहिलं, मग कापडी बुटांकडे. मग मुद्दाम कागदांकडे. ते हुशार होते आणि सभ्य होते. मला वाचवायची त्यांची इच्छा मला स्पष्ट दिसत होती. "तर योगायोग. ठीक. लिहून टाकतो."

एका सदस्यानं पेन पुढे केलं. मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं बसून राहायचं, जशी मी त्या जागेत इतकी वर्षं बसले होते. बांना हवं होतं ते मिळत होतं. त्यांनी या क्षणी मला डोळा मारला असता आणि मी तिकडे दुर्लक्ष केलं असतं.

"एकच वाईट वाटतं," डॉक्टर लाभ लिहिता लिहिता म्हणाले. "त्यांच्या घरच्या कोणाला तरी भेटायला हवं होतं. सांगायचं होतं, की आज वर आलो. उशीर झाला, पण आलो. त्यांच्या मागे कोण आहे?"

पन्थी सरांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं त्या क्षणी ते व्यक्तिशः होते आणि त्यांना ते जड जात होतं. पण बैठक चालू होती, होकार कागदावर अर्धा उतरला होता, आणि त्यांना माझं भलं करायचं होतं.

"तसं मागे कोणी नाही, हजुर," ते म्हणाले.

मी उठले. खुर्ची मागे सरकून जिन्याच्या पायरीला लागली, सगळ्यांनी वळून पाहिलं. पन्थी सर डोळ्यांनी मला नको नको म्हणत होते.

"आहे," मी म्हणाले. आवाज माझा मलाच मोठा वाटला, कारण फाटकाच्या आत हे बोलायला मी कधी आवाज काढलाच नव्हता. "अर्ज पुढच्या वर्षी करू. मी आहे त्यांच्या मागे. मी मुलगी त्यांची. ते माझे बा होते."